खरपूस भाजलेला ऊलाँग चहा आणि आपली रसपरीक्षा

आयुर्वेदीय औषधी-दुकानांच्या फडताळांत अलीकडे चूर्णे, आसवारिष्टे व अवलेह यांच्या शेजारी चहाचे डबे दिसू लागले आहेत. प्रथम हिरवा चहा आला. त्याच्या पाठोपाठ आता ऊलाँग, त्यातही काळपट दिसणारा, खरपूस भाजलेला ऊलाँग येत आहे. काही डब्यांवर 'मेदोहर', काहींवर 'कफघ्न', तर काहींवर थेट 'उष्णवीर्य' असे छापलेले आमच्या पाहण्यात आले आहे. रुग्ण असा डबा घेऊन वैद्यांसमोर बसतो आणि विचारतो, 'हा मला चालेल का?' या साध्या प्रश्नाचे शास्त्रास धरून उत्तर द्यावयाचे, तर ते द्रव्य आपण हाताळलेले असले पाहिजे, त्याचा फांट करून चाखलेला असला पाहिजे आणि त्यावर झालेला संस्कार समजून घेतलेला असला पाहिजे. यांपैकी काहीही न करता त्यास गुण चिकटविणे आयुर्वेदाच्या नावाला शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या मताची कारणमीमांसा येथे करीत आहोत.

द्रव्यपरिचय

हिरवा, काळा व ऊलाँग हे तिन्ही चहा एकाच वनस्पतीच्या, कॅमेलिया सायनेन्सिसच्या, पानांपासून होतात. भेद आहे तो केवळ संस्काराचा. हिरव्या चहात पाने खुडल्यावर लवकरच उष्णता देऊन त्यांतील ऑक्सिडीकरण थांबवितात. काळ्या चहात ते पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये ते मध्येच अडवितात. ऊलाँगसाठी कोवळ्या कळीऐवजी थोडी जून, उमललेली पाने खुडतात. ती सुकत घालून पुनःपुन्हा हलवितात, घुसळतात. त्यामुळे पानांच्या कडा चेचल्या जाऊन तांबूस होऊ लागतात व गंध पालटू लागतो. योग्य क्षण आला की तापल्या कढईत परतून ही क्रिया थांबवितात, मग पाने वळतात आणि वाळवितात.

काळपट भाजणीच्या ऊलाँगचे सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे चीनच्या फूच्यान प्रांतातील वूयी पर्वत. कातळांच्या कपारींत वाढणाऱ्या तेथील झुडपांच्या चहास 'कातळी चहा' म्हणतात. दा हाँग पाओ, रौ ग्वेई व श्वेई शियान ही त्यांतील ख्यातनाम नावे. याच प्रांताच्या दक्षिणेस आन्शी येथील तिएग्वानयिन व तैवानातील लूगू परिसराचा दोंग दिंग हेही भाजून तयार करण्याची जुनी रीत आहे. त्यांची पाने गोळीसारखी वळलेली असतात, तर वूयीची लांबट, पिळदार. आपल्याकडे दार्जिलिंगमध्येही ऊलाँग तयार होतो.

नावावर विसंबून राहू नये, हे सांगण्यासाठी दा हाँग पाओचे उदाहरण पुरेसे आहे. या नावाची जी मोजकी मूळ झुडपे वूयीच्या कड्यावर आहेत, त्यांची खुडणी २००६ पासून बंद आहे. बाजारात त्या नावाने मिळतो तो कलमांपासून वाढविलेल्या झुडपांचा अथवा अनेक वाणांच्या मिश्रणाचा चहा असतो. तो वाईट असतो असे नव्हे. परंतु नाव म्हणजे द्रव्य नव्हे. अशोकत्वचेच्या नावाखाली आसुपालवाची साल पाहिलेल्या आपल्या फार्मसीचालकांना हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वनस्पतींची नावे व रूपे रानातल्या गुराख्यालाही ठाऊक असतात, तेवढ्याने औषधज्ञान होत नाही, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावून ठेवले आहे.

भर्जन हा संस्कार आहे

या चहाचे खरे वैशिष्ट्य वाळविल्यानंतर सुरू होते. वूयीच्या परंपरेत लाकडी कोळसा धूर व ज्वाळा संपेपर्यंत जाळून घेतात, निखारे राखेने झाकतात आणि त्यावर बांबूच्या टोपलीत पाने ठेवून कित्येक तास मंदाग्नीवर भाजतात. मधूनमधून पाने हाताने खालीवर करतात. एक भाजणी झाली की चहा काही काळ विश्रांतीस ठेवून पुन्हा भाजतात. राखेचा थर किती, टोपली केव्हा उचलावयाची, हे कारागीर गंधावरून व हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरवितो. आता अनेक ठिकाणी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत. तरीही गंधावरून निर्णय घेणारा माणूस अद्याप हटलेला नाही. वूयीच्या या निर्माणकौशल्यास चीनने २००६ साली आपल्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत स्थान दिले.

वैद्यांना ही भाषा परकी वाटू नये. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहारविधीची जी आठ आयतने सांगितली आहेत, त्यांत प्रकृतीनंतर लगेच 'करण' येते, आणि करण म्हणजे संस्कार. स्वाभाविक गुणांच्या ठिकाणी अन्य गुणांचे आधान. जल, अग्नी, मंथन, देश, काल, भाजन या सर्वांचा त्यात अंतर्भाव आहे. भातापासून केलेल्या लाह्या लघू होतात, हे संहितेतीलच उदाहरण. भावप्रकाशात हरीतकी चावून, वाटून, वाफवून व भाजून घेतली असता निरनिराळे कार्य करते असे वर्णन आहे. फळ एक, संस्कार चार, आणि फलेही चार. म्हणूनच हिरव्या चहाचे गुण उचलून काळपट ऊलाँगवर चिकटविता येत नाहीत. आधुनिक रसायनशास्त्रही येथे वेगळे सांगत नाही: भाजणीत कॅटेचिन या द्रव्यांचे प्रमाण घटते, शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून भाजक्या गंधाची नवी द्रव्ये जन्मास येतात, आणि कॅफीन मात्र बहुतांशी तसेच राहते. ज्या द्रव्यांच्या आधारे हिरव्या चहाची कीर्ती गायिली जाते, तीच येथे कमी झालेली असतात.

भाजणीच्या पायऱ्या समजून घेण्यास आपल्यापाशी स्नेहपाकाची परिभाषा आहे: मृदू, मध्यम, खर आणि त्यापलीकडे दग्ध. मृदू भाजणीत फुलांचा गंध राहतो. मध्यम भाजणीत भाजलेल्या धान्याचा खमंगपणा येतो. खर भाजणीत खारीक, काकवी, भाजलेला कोको यांची आठवण देणारे गंध येतात. दग्ध झाला की तो चहा उरत नाही, कोळसा उरतो. दुर्दैवाने जुना, मरगळलेला माल पुन्हा कडक भाजून त्याचे दोष झाकण्याची युक्तीही बाजारात चालते. खर आणि दग्ध यांतील सीमारेषा डब्यावरील मजकुरावरून कळत नाही; ती जिभेलाच कळते.

फांटविधी

पंचविध कषायकल्पनांपैकी फांट हीच चहाची कल्पना होय. शार्ङ्गधरसंहितेत एक पल कुटलेल्या द्रव्यास एक कुडव, म्हणजे चौपट, उष्ण जल सांगितले आहे. चहात पाने अखंड असतात, पाणी अधिक लागते आणि एकाच पानांवर अनेकदा पाणी घालतात. हा भेद ध्यानात ठेवावा. उकळत ठेवून क्वाथ करणे, दूध व साखर घालणे हे आपल्या नित्याच्या चहास ठीक असले, तरी परीक्षेस सर्वथा अयोग्य. कारण दुधाने कषाय रस झाकला जातो व साखरेने अनुरस हरवतो.

परीक्षेचा चिनी विधी सोपा आहे. ११० मिलिलिटरच्या झाकणाच्या चिनीमातीच्या पेल्यात, ज्यास गायवान म्हणतात, ५ ग्रॅम चहा घ्यावा. त्यावर उकळते पाणी घालून पहिल्यांदा २ मिनिटे, दुसऱ्यांदा ३ व तिसऱ्यांदा ५ मिनिटे ठेवावे आणि प्रत्येक वेळी फांट पूर्णपणे निथळून घ्यावा. हेतू सुखकर पेय करण्याचा नसून दोष उघडे पाडण्याचा असल्याने काळ मुद्दाम दीर्घ ठेवलेला आहे. सर्व प्रकारच्या चहांच्या तुलनेसाठी असलेले आंतरराष्ट्रीय मानक ३१०३ (१९८०, सुधारित २०१९) हे १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा व ६ मिनिटे सांगते. कोणताही एक विधी धरावा; पण तो दर वेळी तोच असावा.

आस्वादासाठी पिणारे चिनी रसिक तेवढ्याच पेल्यात ७-८ ग्रॅम पाने घेऊन कढत पाणी घालतात व दहा-पंधरा सेकंदांतच फांट ओतून घेतात; असे सात-आठ वेळा करता येते. घरगुती उपयोगासाठी १५० मिलिलिटर उकळत्या पाण्यास ३ ग्रॅम चहा व सुमारे ३ मिनिटे हे प्रमाण आम्हांस पुरेसे वाटते. त्याच पानांवर दुसरे पाणी घालताना एक मिनिट अधिक ठेवावे. काळपट भाजणीच्या चहास पाणी कोमट चालत नाही. त्याचा गंध उकळत्या पाण्यानेच सुटतो. पाणी जड असल्यास फांट गढूळ व निस्तेज होतो. लोखंडी भांडे सर्वथा टाळावे, कारण कषाय द्रव्यांशी लोहाचा संयोग होऊन रंग काळवंडतो व चव बिघडते. मात्र उकळत्या पाण्याने केलेला फांट उकळता पिऊ नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्ण पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असा निष्कर्ष कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली काढला आहे.

रसग्रहण

रस निपाताने कळतो, म्हणजे द्रव्याचा जिभेशी संपर्क होताच. शुष्क अवस्थेत व प्रथम स्पर्शी जो व्यक्त होतो तो रस, आणि मागाहून अस्फुटपणे जाणवतो तो अनुरस, हा चरकोक्त विवेक या चहाच्या परीक्षेत तंतोतंत उपयोगी पडतो.

प्रथम शुष्क पान पाहावे: रंग काळपट तपकिरी, किंचित तुकतुकीत असावा, राखेसारखा निस्तेज नसावा. तापविलेल्या रिकाम्या पेल्यात पाने टाकून झाकण ठेवावे व क्षणभराने वास घ्यावा. भाजल्या धान्याचा, फुटाण्यांचा गंध आला तर उत्तम. धुराचा आला तर तो दोष समजावा. वूयी परिसरातच पाइनच्या धुरावर वाळविलेला एक काळा चहा होतो, त्याचा तो स्वभाव आहे, ऊलाँगचा नव्हे. फांट नारिंगी ते तांबूस तपकिरी व स्वच्छ असावा.

मग एक घोट आवाज करीत, वाऱ्यासह ओढून घ्यावा, जिभेच्या सर्व भागांवर फिरवावा. चांगल्या मालात आम्हांस प्रथम तिक्त व त्यास लागून कषाय रस मिळाला. जिभेस किंचित वैशद्य व स्तंभ आला, पण तो लवकर सैल झाला आणि घोट उतरल्यावर कंठाशी मधुर अनुरस उमटला. या परतून येणाऱ्या गोडव्यास चिनी लोक 'हुई गान' म्हणतात व त्यावरच चहाची प्रत ठरवितात. तिक्तता जिभेवर चिकटून राहिली आणि मधुर अनुरस आलाच नाही, तर माल करपलेला आहे असे समजावे. रिकामा पेला निवल्यावर त्याचा पुन्हा वास घ्यावा. चांगल्या चहाचा गोडसर गंध तेथे रेंगाळतो. शेवटी भिजलेली पाने पाण्यात पसरून पाहावीत. सजीव भाजणीची पाने सावकाश का होईना, उलगडतात. दग्ध पाने कोळशाच्या तुकड्यांसारखी ताठ, आखडलेलीच राहतात. या एका परीक्षेस काही खर्च नाही आणि तीत फसगतही क्वचितच होते.

परीक्षकाने उपाशीपोटी किंवा भरल्या पोटी बसू नये. विडा, तंबाखू, लसूण यांनंतर तर नाहीच. प्रतिश्याय वा ज्वर असताना जिभेची साक्ष ग्राह्य धरू नये. शक्य तर तिघांनी स्वतंत्रपणे चाखून, न बोलता टिपून ठेवावे व मागाहून ताडून पाहावे.

वीर्यविपाकाची घाई नको

येथवर आपण रसापर्यंत आलो. पुढचे पाऊल मात्र जपून टाकावयाचे आहे. विपाक कर्माच्या परिणामावरून, तर वीर्य शरीरातील सहवासावरून व निपातावरून कळते, असे शास्त्र सांगते. म्हणजे वीर्य व विपाक यांचा निर्णय टेबलाशी बसून, एका पेल्यावरून करता येत नाही. त्यास अनेक प्रकृतींच्या व्यक्तींवरील, अनेक ऋतूंतील पद्धतशीर निरीक्षण लागते. तसे निरीक्षण समोर नसताना डब्यावर 'उष्णवीर्य' हा शब्द कोठून आला? बहुधा तो चिनी समजुतीच्या भाषांतरातून आला असावा. चिनी परंपरेत हिरवा चहा थंड व भाजलेला चहा उबदार मानतात, आणि ताज्या भाजणीतील 'आग' उतरावी म्हणून तो काही महिने ठेवून पिण्याची रीत आहे. ही त्यांची अनुभवसिद्ध दृष्टी आहे व तिचा आदरच केला पाहिजे. परंतु त्यांचे उष्ण-शीत आणि आपले उष्ण-शीत वीर्य एकच आहेत, हे कोणी सिद्ध केले? एका शास्त्राची संज्ञा दुसऱ्या शास्त्राच्या कप्प्यात सरळ घालणे हा दोन्हींवर अन्याय आहे.

बृहत्त्रयीत चहा नाही. ते न्यून नव्हे. नव्या द्रव्यास कसे पारखावे याची रीत तेथे आहे, आणि ती रीत हाच खरा वारसा आहे.

मेदोहर हा दावा आणि रुग्णाचे हित

आता ज्या शब्दावर हे डबे विकले जातात, त्या 'मेदोहर'चा विचार करू. स्थौल्यावर हिरव्या चहाच्या कल्पांचा जो आढावा कॉक्रेनने २०१२ साली प्रसिद्ध केला, त्यात वजनातील घट अत्यल्प व चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाची नसल्याचे आढळले. हिरव्या चहाचीच ही कथा, तर कॅटेचिन घटलेल्या काळपट ऊलाँगच्या नावे तोच दावा करणे निराधार आहे. दुधासाखरेचा चहा सोडून कोणी बिनसाखरेचा ऊलाँग घेऊ लागला, तर त्याच्या पोटात साखर कमी जाईल. तेवढे श्रेय मात्र खुशाल द्यावे. कायद्याची बाजूही स्मरणात असावी. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. 'आयुर्वेद आहार' या संज्ञेसाठी २०२२ साली आलेले विनियमही अधिकृत ग्रंथांतील कल्पांवर आधारलेले आहेत. कोणत्याही पेयास ते नाव लावण्याची मुभा त्यांत नाही.

याहून निकडीची गोष्ट रुग्णाच्या घरात घडते. चहातील कषाय द्रव्ये अन्नातील वनस्पतिज लोहाचे शोषण कमी करतात, हे सुप्रस्थापित आहे. आपण पांडुरोगात नवायस लोह अथवा मंडूर कल्प देतो, आणि त्याच पिशवीतून आपल्याच दुकानातील चहाचा डबा रुग्णेच्या घरी जातो. दोन्ही एका वेळी घेतले गेले तर तोटा कोणाचा? जेवण व लोहकल्प यांपासून चहा निदान एक तास, शक्य तर दोन तास दूर ठेवावा, एवढे एक वाक्य विक्रेत्याने तोंडी सांगितले तरी पुष्कळ साधेल. भाजल्याने कॅफीन जात नाही, हेही सांगावे. अनिद्रा, हृद्द्रव, अम्लपित्त यांच्या रुग्णांनी सायंकाळनंतर तो घेऊ नये. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या मतानुसार निरोगी प्रौढास सर्व मार्गांनी मिळून दिवसाला ४०० मिलिग्रॅम व गर्भिणीस २०० मिलिग्रॅम कॅफीन ही मर्यादा आहे. शिवाय कषाय रसाचा अतियोग मुखशोष, आध्मान व विबंध करतो, हे आपणांस पाठ आहेच. वातप्रधान व रुक्ष कोष्ठाच्या व्यक्तीस दिवसभर हा फांट पिण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

आमच्या सूचना

काहींचे म्हणणे असे की, दुकान चालवावयाचे तर ग्राहकास हवे ते ठेवावेच लागते. हे आम्ही नाकारीत नाही. भाजका ऊलाँग हे उत्तम पेय आहे आणि ते विकण्यात कमीपणा नाही. मात्र ते पेय म्हणून विकावे, वेगळ्या फडताळावर ठेवावे, आणि त्यावर रोगनाशाची वा वजनाची फलश्रुती असल्यास तो माल परत पाठवावा. प्रत्येक नव्या खेपेतील एक डबा उघडून वर सांगितल्याप्रमाणे चाखावा. दिनांक, रंग, गंध, रस, अनुरस व भिजलेल्या पानाचे रूप नोंदवहीत लिहून ठेवावे. वैद्यांनी आपल्या रुग्णांत चहाचे प्रमाण, वेळ, प्रकृती व परिणाम यांची टिपणे ठेवावीत. काही वर्षांनी त्यांतूनच वीर्यविपाकाविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस मिळेल.

या चहाच्या निमित्ताने एक गोष्ट आम्हांस अधिक बोचते. परदेशातील एक कारागीर सुकल्या पानांच्या टोपलीवर वाकून भाजणीचा क्षण नाकाने ओळखतो, आणि आपण गुडूची, कुटकी, यष्टिमधु यांची पोती प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर उतरवून घेतो. प्रमाणपत्र हवेच, आर्द्रता, भस्ममान, जड धातू जिभेला कळत नाहीत. पण कुटकी तिक्त लागत नाही, यष्टिमधु गोड लागत नाही, भाजलेला हिंग करपट लागतो, हे कळण्यास कोणते यंत्र लागते? महाविद्यालयांतून द्रव्यगुणाचा विद्यार्थी रसांची नावे पाठ करून बाहेर पडतो. किती द्रव्ये त्याने स्वतः चाखलेली असतात, हे त्यालाच विचारावे.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक फार्मसीत आठवड्यातून एक सकाळ रसपरीक्षेसाठी राखून ठेवावी. आरंभ हवा तर या काळपट चहापासून करावा, कारण त्याविषयी आपल्या मनात पूर्वग्रह नाही व पाठांतरही नाही. जिभेस प्रामाणिकपणे बोलावे लागते. त्यानंतर त्याच मेजावर, त्याच पेल्यांत, आपल्या गुडूचीचा व कुटकीचा फांट मांडावा आणि नोंदवहीचे पुढचे पान उघडावे.